आपल्या प्रतीतलं पहिलं नाव

सातासमुद्रापारच्या देशाशी व्यापाराचा करार व्हायचा होता. अशा कराराच्या दोन प्रती निघतात आणि ज्याच्या त्याच्या प्रतीत त्याच्या देशाचं नाव आधी येतं. सह्यांना दहा मिनिटं उरली असताना टंकलेखिकेला दिसलं, दोन्हींत पाहुण्यांचंच नाव आधी आहे.

“साहेब, आपल्या प्रतीचं पान बदलायला हवं,” ती अधिकाऱ्यांना म्हणाली.

“पाहुणे खोळंबलेत, बाई. एवढ्यानं आभाळ कोसळतंय का? नोकरी पक्की व्हायचीय ना तुमची?”

तिला घरची तान्ही लेक आठवली. तरी तिने फाइल छातीशी घट्ट धरली.

“व्हायचीय. पण आपल्याच घरात आपण उंबऱ्याबाहेर का बसायचं?”

“मग उद्यापासून येऊ नका.”

“उद्याचं उद्या बघू. आज पान बदलूनच जाईन,” म्हणत तिने प्रिंटर सुरू केला.