राखलेला माळ

मेंढरं अडली ती अडलीच. समोर पोटरीला लागेल एवढं हिरवंगार गवत, मागे खुरटलेला माळ, आणि मधे ना तार, ना बांध, ना साधी दगडांची ओळ. तरी सगळा कळप एका रेघेवर उभा राहिला आणि रामेश्वरच्या तोंडाकडे बघू लागला.

"आता काय अक्षता पाठवू?" तो म्हणाला.

त्याने पुढच्या नराला ढकलून पाहिलं. नराने चारी पाय रोवले. मग तो स्वतः गवतात शिरला, भाकरीचा तुकडा दाखवला, आजोबा काढायचे तसा आवाज काढला. त्या आवाजाने दोन कोकरं भेदरून मागे पळाली. शेवटी त्याने एक म्हातारी मेंढी उचलून आत नेऊन ठेवली. चोरीत सापडल्यासारखी ती गवताला तोंडही न लावता तुरुतुरु बाहेर आली.

रामेश्वर करमाडजवळच्या एका कंपनीत मशीनवर होता. मशीन बंद पडलं की ते का पडलं हे कळेपर्यंत त्याला घास गोड लागायचा नाही. त्यामुळे आता त्याला जास्तच चेव चढला. खरं तर त्याने यात एवढं मन घालायचं काही कारण नव्हतं. बिरूआबांचं, म्हणजे त्याच्या आजोबांचं, तेरावं काल झालं होतं. वडिलांचे गुडघे गेलेले, म्हणून आजच्या दिवस तो कळप घेऊन कन्नडजवळच्या आपल्या गावच्या गायरानात आला होता. उद्या सांडू व्यापारी गाडी घेऊन येणार आणि मेंढरं नेणार. मेंढरांमागे फिरायला घरात कोणी उरलंच नव्हतं.

आबांचा घरात जीव होता, यात वादच नाही. ओढ्याला पाणी आलं की रामेश्वरला खांद्यावर बसवून शाळेत पोचवायचे. त्याला मुलगी झाली तेव्हा मेंढराचा वास मारणारी इवलीशी लोकरी टोपी घेऊन थेट शहरातल्या दवाखान्यात हजर. नर्सने नाक मुरडलं, तर आबा तिलाच म्हणाले, "पोरी, तुला बी एक आणू का?" पण सकाळी कळप घेऊन निघाले की दिवे लागेपर्यंत हा माणूस कुठे असतो, काय करतो, हे घरात कोणाला नीटसं ठाऊक नव्हतं. ओढ्याकाठचं जवळचं गवत सोडून आबा या लांबच्या माळावर यायचे. आजी मरेपर्यंत त्यावरून कुरकुरली. "जगाची मेंढरं गुबगुबीत, आमच्याच मेंढरांच्या बरगड्या मोजाव्या," म्हणायची. आबा नुसते हसायचे.

"वढू नको बाबा. ते नाय यायचे."

मंजुळाबाई खांद्यावर दोर टाकून चढ चढून आली होती. गावाच्या कडेला राहायची. शेत नाही, दारात एक म्हैस.

"कामून नाय यायचे, मावशी?"

"तुह्या आज्यानं शिकवलंय त्यांला. हितून पुढचं दिवाळीपस्तोर खायचं नाय."

"इतकं गवत वाया घालवायचं?"

"वाया?" ती फतकल मारून बसली. "आरं, हे आमचं हाय. ज्यांला शेत नाय त्यांचं. दिवाळीनंतर कापायचं, वाळवायचं, उन्हाळाभर जनावराला घालायचं. आधी पोळ्यापस्तोरच समदा माळ बोडका व्हायचा. एका साली म्हैस इकायला बाजारात चालले व्हते, तर तुहा आजा वाटंत भेटला. कामून इकती म्हणला. चारा नाय म्हणलं. पुढच्या पावसाळ्यापसून हितं येऊन बसला."

"नुसता बसला?"

"त्या दगडावर घोंगडं हातरून बसायचा. मेंढरू पुढं गेलं की उठायचा, माघारी आणायचा, पुन्हा बसायचा. लई दिवस चाललं हे. मारलं नाय कधी. मंग त्यांलाच कळाया लागलं. आन् धनगराचं घोंगडं हातरलेलं असलं, की दुसरा धनगर तिथं कळप घालीत नाय. जुनी चाल हाय ती तुमची."

रामेश्वरने दगडाकडे पाहिलं. माणूस बसून बसून तो मधे गुळगुळीत झाला होता. आबांना त्यांच्याच घोंगड्यात गुंडाळून माती दिली होती. पायाकडचा पदर रामेश्वरनेच दुमडला होता. तेव्हापासून त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं आणि आपण दगडाचे झालो की काय, अशी त्याला धास्ती वाटत होती. आता त्याला रडू आवरेना. मंजुळाबाईने त्याला रडू दिलं.

तेवढ्यात खालून घंटा वाजल्या. गावातला दुसरा धनगर, खंडेराव, त्याचा मोठा कळप घेऊन वर येत होता.

"आबा गेले, लई वाईट झालं," तो म्हणाला. मग गवताकडे बघत, "तुमची मेंढरं उद्या चालली म्हणं. मंग माळ मोकळाच झाला की."

खंडेराव वाईट माणूस नव्हता. त्याच्याही मेंढरांना पोट होतं. मंजुळाबाई नुसता दोर हाताला गुंडाळत राहिली. कळप विकायचा नाही असं रामेश्वर म्हणू शकला असता, पण ते खोटं ठरलं असतं. नोकरी होती, बायको करुणा आणि लेक शहरात होत्या. सांडू उद्या यायचा तो येणारच होता.

त्याने अंगातलं, पाठीवर कंपनीचं नाव छापलेलं जर्किन काढलं, दगडावर पसरलं आणि चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवले.

"हे काय?" खंडेरावने विचारलं.

"घोंगडं."

"कंपनीचं जर्किन हाय हे."

"माझ्याकडं हेच हाय, काका."

"आन् राखायला बसणार कोण?"

"रविवारी मी."

"बाकीच्या वारी?"

मंजुळाबाई उठली, आली आणि जर्किनवर बसली. "बाकीच्या वारी मी."

"बाई, धनगराचं घोंगडं लागतं."

"धनगराचंच हाय. अंगावरचं काढून दिलंय त्यानं."

खंडेरावने जर्किनकडे पाहिलं, मग गवताकडे. त्याच्या दोन मेंढ्यांनी तोवर गवताला तोंड लावलंही होतं. मग त्याने काठी आडवी धरली, त्या दोघींना मागे घेतलं आणि कळप खालच्या अंगाला वळवला.

"रविवारी येताना खरं घोंगडं आण," तो जाता जाता म्हणाला. "हे पावसात टिकायचं नाय."

वारं सुटलं होतं. रामेश्वर नुसत्या शर्टात मेंढरांमागे उतरू लागला. वर दगडावर, कंपनीच्या नावावर पाय पसरून, मंजुळाबाई बसली होती.