लुपेचं माहेर

भाकरी थापायला लुपेला कुणी शिकवावं लागलं नाही. कॅलिफोर्नियात आईजवळ बसून ती लहानपणापासून मक्याची भाकरी थापत आली होती. इथं मका जाऊन जोंधळा आला, एवढंच.

सोलापूरच्या चाटी गल्लीतले कापडाचे व्यापारी सिद्धलिंगप्पा यांचा मुलगा बसवराज शेतकी शिकायला तिकडे गेला आणि या मेक्सिकन मुलीशी लग्न करून बसला. तिचा जन्म तिथलाच. तरी मंदी आली तशी तिच्या माणसांना ‘आपल्या मुलखात चालते व्हा’ असं ऐकवलं गेलं. खाणावळींच्या दारावर मेक्सिकनांना मज्जाव असल्याच्या पाट्या. घरमालक म्हणे, स्पॅनिश आहोत म्हणून सांगा, खोली देतो. लुपे खोटं बोलली नाही. शेवटी ती नवऱ्याच्या देशी आली.

इथं सासऱ्यांनी गल्लीत सांगून टाकलं, सून धारवाडकडची, आपल्याच जातीची, चन्नम्मा. जरा तोतरी आहे, म्हणून बोलत नाही. रंग सावळा, खपून गेलं! घरात मात्र तिचं ताट निराळं; तिच्या हातची भाकरी तेवढी चाले.

त्या दिवशी नणंद निंगव्वाची सुपारी फोडायला अक्कलकोटचे पाहुणे यायचे होते. सासू सिद्धम्मानं सकाळीच नातीला, लुपेच्या पोरीला, पुढ्यात घेतलं.

“नाव काय तुजं?”

“एलेना.”

सासूनं पोरीच्या दंडाला चिमटा काढला. “गौरी म्हन!”

“गौरी,” पोर रडत म्हणाली. चुलीपाशी लुपेनं ते पाहिलं आणि तिचे हात थांबले.

दुपारी पंगत बसली. शेंगाची चटणी आणि पातळ भाकरी. नवऱ्या मुलाचा मामा तर थांबेचना. “सूनबाई, लई झ्याक भाकरी हाय. माहेर कुटलं म्हनायचं?”

लुपेनं हातातली टोपली खाली ठेवली. दाराशी एलेना उभी होती.

“माझं नाव लुपे,” ती सावकाश म्हणाली. “मी मेक्सिकन. ही माझी मुलगी एलेना.”

पाहुण्यांचे हात ताटावरून उठले. सिद्धलिंगप्पा घाईनं हसले. “डोकं फिरलंय हो तिचं. उन्हाळ्यात असंच हुतंय.”

मामानं बसवराजाकडं पाहिलं. “व्हय का वो?”

आदल्याच संध्याकाळी वाचनालयात याच बसवराजानं अमेरिकेतल्या त्या पाट्यांवर आग ओकली होती, टाळ्याही घेतल्या होत्या. आता त्यानं मान खाली घातली.

“व्हय,” तो म्हणाला. “डोकं ठीक न्हाय तिचं.”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! लाज कशी वाटली नाही त्याला?

पाहुण्यांचा जीव भांड्यात पडला. मामानं पुन्हा ताटाकडं हात नेला. “येडी का असंना, जात आपलीच हाय की. आना आजून एक भाकरी.”

लुपेनं भाकरी वाढली नाही. हात धुतले, एलेनाला कडेवर घेतलं आणि भर पंगतीतून पुढच्या दारानं बाहेर येऊन ती रस्त्यावरच्या ओट्यावर बसली.

“तिकडे पाटी होती,” ती नवऱ्याला ऐकू जाईल अशी म्हणाली. “तू मला पाटी वाचून दाखवायचास. रागानं थरथरायचास.”

बसवराज हलला नाही. हलली ती निंगव्वा. हिरव्या इरकलीत, केसांत आबोली माळून बसलेली ती पोर उठली, उंबरा ओलांडून वहिनीशेजारी जाऊन बसली.

“निंगे, आत ये!” आई ओरडली. “सोयरीक मोडंल!”

“मोडू दे. आज वैनीला येडी ठरवलं, उद्या त्या घरात मला ठरवतील. तवा दादा असाच मान खाली घालून बसंल की.”

पाहुणे गेले. भाकऱ्या तेवढ्या पोटात घालून गेले, त्या बाटल्या नाहीत.

वाचकहो, परक्या देशातल्या पाट्यांची चीड तुम्हांला येते, ती खुशाल येऊ द्या. पण आज जेवायला बसाल तेव्हा वाढणारीला तिचं खरं नाव विचारा, आणि ते ऐकून पानावर बसून राहता येतं का पाहा.