भाजीची पिशवी

विभावरीने दह्याचा डबा फ्रीजमध्ये अगदी मागे ढकलला, त्याच्यापुढे पाण्याच्या दोन बाटल्या उभ्या केल्या आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली. मोटरहोममधला फ्रीज तो केवढा, त्यात लपवून लपवून काय लपणार. पण तिला तेवढंच बरं वाटलं.

"आज दही काढायचं नाही," ती म्हणाली.

गिरीश घडीच्या टेबलापाशी बसून वहीत काहीतरी लिहीत होता. त्याने मान वर केली नाही.

"ऐकताय ना? मी भाजीला चाललेय असंच वाटू दे त्याला. दही नको."

"हं," गिरीश म्हणाला.

गिरीशचं 'हं' म्हणजे होकार नव्हे, नकारही नव्हे, नुसती पोच. चौतीस वर्षांच्या संसारात तिला हे पाठ झालं होतं.

टेबलाखाली रताळ्या झोपला होता. एक कान उभा, एक पडलेला, आणि रंग थेट उकडलेल्या रताळ्याचा. अकरा वर्षांपूर्वी बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीमागे सापडलेलं ते पिल्लू गिरीशने दोन दिवसांसाठी म्हणून घरी आणलं होतं. आता त्याचं हृदय थकलं होतं. विमानाचा प्रवास याला सोसणार नाही, असं एका डॉक्टरने सांगितलं, म्हणून त्यांनी दुसऱ्याला विचारलं, मग तिसऱ्याला. तिघांचं एकच उत्तर आलं. आणि इकडे गिरीशला साठ पूर्ण झाली. नोकरी संपली की या आखाती देशातला मुक्कामही संपतो. चार दिवसांनी त्यांचं नाशिकला जायचं विमान होतं.

मधला महिनाभर दोघं त्याला घेऊन वाळवंटात फिरले. एका इंग्रज सहकाऱ्याने देश सोडताना विकलेलं ते जुनं मोटरहोम गिरीशने तीन हिवाळ्यांपूर्वी घेतलं होतं. त्याला तो 'बिऱ्हाड' म्हणे. फुवैरितच्या किनाऱ्यावर चार दिवस, उम्म बाबला तीन, झिक्रीतच्या पांढऱ्या खडकांपाशी आठवडाभर. रताळ्या सगळीकडे वाळू हुंगत हिंडला, खेकड्यांवर भुंकला, दमला की चाकाच्या सावलीत पसरला. त्याला वाटत होतं, सहल चालली आहे. तसं वाटू देण्यातच दोघांचा महिना गेला होता.

दह्याची गोष्ट अशी, की गिरीशची नोकरी समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी, अशी बावीस वर्षं. निघायच्या दिवशी पहाटे विभावरी त्याच्या तळहातावर चमचाभर दही घाली. पिल्लू असताना रताळ्याने एकदा तो हात चाटला आणि तेव्हापासून अर्धं दही साहेबांचं, अर्धं रताळ्याचं असा पायंडाच पडला. पुढे लक्षात आलं, की हे ध्यान दिवस मोजतं! तेरा दिवस त्याला गिरीशची आठवणसुद्धा नसे. विभावरीच्या पायांत घुटमळायचं, तिच्या पलंगाखाली झोपायचं, ती टीव्ही बघेल तर आपणही बघायचा. चौदाव्या दिवशी दुपारपासून मात्र स्वारी पायपुसण्यावर, नाक दाराच्या फटीला. गिरीश नुसता शहरातल्या वेस्ट बेच्या ऑफिसात जाऊन येणार असला, तर तो ढुंकूनही बघत नसे. दही लागलं की मगच मोजणी सुरू व्हायची.

एकदा वाऱ्याधुळीमुळे तीन दिवस हेलिकॉप्टरं उडाली नाहीत. तीन दिवस रताळ्या पायपुसण्यावरून हलला नाही. पाण्याला तोंड लावलं, अन्नाला नाही. विभावरीने हाताने भरवून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी त्याच्या शेजारी स्वतःच फरशीवर बसून राहिली. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आता अकरा वर्षांचा होता, आणि या वेळी दारातून कोणीच येणार नव्हतं. म्हणून दही नको.

दहाच्या सुमाराला बिऱ्हाड शहजादच्या इज्ब्यावर पोचलं. इज्बा म्हणजे शेळ्यामेंढ्यांचा वाडा. पत्र्याच्या दोन खोल्या, एक मोठी पाण्याची टाकी, आणि चहूकडे सपाट, खडकाळ वाळवंट. शहजाद पाकिस्तानातल्या कुठल्याशा खेड्यातला, पंचेचाळिशीचा, एकटाच राहणारा माणूस. पहिल्याच हिवाळ्यात बिऱ्हाडाचं चाक वाळूत रुतलं, तेव्हा त्याने पिकअपने ओढून काढलं होतं. त्यानंतर इथे चहाला थांबल्याशिवाय त्यांची एकही फेरी झाली नाही. रताळ्याला तोच ठेवून घेणार होता, आणि त्याच्या मालकालाही शेळ्यांना राखण म्हणून कुत्रं चालणार होतं.

"आओ बाजी, चाय तैयार है," तो म्हणाला. पहिल्या दिवसापासून तो विभावरीला बाजी म्हणे, म्हणजे ताई.

रताळ्या उडी मारून उतरला आणि शेळ्यांची हजेरी घ्यायला गेला. विभावरीने त्याची गादी, वाडगं आणि गोळ्यांची पुडी शहजादच्या ओट्यावर नेऊन ठेवली. गोळी चपातीत दडवून द्यायची, गोळी नुसती दिली तर थुंकतो, हे तिने तीनदा सांगितलं. शहजादने तीनदा मान हलवली.

गिरीश मोटरहोममध्ये गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या खांद्यावर प्लॅटफॉर्मवर न्यायची निळी बॅग होती आणि हातात अंगभर घालायचा कामाचा कव्हरॉल. शेवटच्या खेपेचा हा कव्हरॉल त्याने तिला धुऊ दिला नव्हता. आठवण म्हणून ठेवायचा असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता बहुतेक शहजादला देऊन टाकणार.

"शहजाद, ज़रा इधर आना," गिरीश म्हणाला. "रताळ्या, चल."

तिघं टाकीमागे गेले. विभावरी खाटेवरच बसून राहिली. टाकीआड जाऊन रडून घ्यायचं असेल, तर घेऊ दे बिचाऱ्याला, असं तिच्या मनात आलं. तिचं स्वतःचं रडणं तिने महिनाभर पापडासारखं वाळत घातलं होतं. आज त्याला हात लावायचा नाही, असं ठरवून ती आली होती.

तिघं परत आल्यावर ती उठली आणि गाडीतून आपली भाजीची पिशवी घेऊन आली. नाशिकच्या साडीच्या दुकानातली कापडी पिशवी, अक्षरं पार पुसट झालेली. अल रय्यानच्या घरातून रोज संध्याकाळी ती हीच पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायची. पिशवी म्हणजे आत्ता जाणं आणि आत्ता येणं, हे रताळ्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने कधी त्यासाठी झोप मोडली नव्हती.

"रताळ्या, भाजी आणते रे," ती म्हणाली. आवाज रोजचाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

रताळ्याने उभा कान हलवला, पिशवीकडे पाहिलं आणि गव्हाणीच्या सावलीत अंग टाकलं.

जमलं! ती मागे न बघता गाडीत चढली, सीटवर बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली. इतक्या सहज फसवता आलं, याचा आनंद झाला आणि त्याच क्षणी स्वतःची शिसारीही आली. गिरीशने गाडी सुरू केली.

हमरस्त्याला लागल्यावर तिला तहान लागली. पाण्यासाठी ती मागे गेली, फ्रीज उघडला. दोन्ही बाटल्या बाजूला सारलेल्या होत्या. दह्याच्या डब्याचं झाकण तिरकं बसलं होतं आणि आत चमचा तसाच होता.

"गाडी थांबवा."

"काय झालं?"

"आधी थांबवा म्हणते ना!"

त्याने गाडी कडेला घेतली. ती डबा हातात घेऊनच पुढे आली.

"दही दिलंत तुम्ही त्याला."

गिरीशने इंजिन बंद केलं.

"एवढं सांगितलं होतं मी! चौदाव्या दिवशी तो दारात बसेल. आपण नाशकात. अन्नाला शिवायचा नाही तो. मागच्या वेळी तुम्ही तिकडे अडकला होतात, तुम्ही नाही बघितलं ते. मी बघितलंय." तिचा आवाज फाटला. "जाता जाता त्याला मारून कशाला टाकायचं हो?"

"मी नाही दिलं," गिरीश म्हणाला. "शहजादने दिलं."

तिने डबा डॅशबोर्डवर ठेवला.

"माझा कव्हरॉल घालायला लावला त्याला. बॅग खांद्यावर दिली. वाटीतून नेलेलं दही त्याच्या हातावर घातलं. अर्धं त्याने खाल्लं, अर्धं रताळ्याने." गिरीशने चष्मा काढला आणि तो नुसताच हातात धरला. "आपण गेल्यावर रताळ्याला चुकल्याचुकल्यासारखं होणारच, दही दे नाहीतर नको देऊ. त्यापेक्षा मोजू दे त्याला. चौदाव्या दिवशी सकाळी शहजाद चारा आणायला जाईल आणि संध्याकाळी ते कपडे घालून, ती बॅग घेऊन येईल. मग पुन्हा दही. दर चौदा दिवसांनी. सगळं रोमन अक्षरांत लिहून दिलंय त्याला, पानं फाडून."

वहीत तो काय लिहीत होता, ते तिला आत्ता कळलं.

"बावीस वर्षांत बदली माणूस आल्याशिवाय मी प्लॅटफॉर्म सोडला नाही, विभा. रिलिव्हर येतो, त्याला सगळं हँडओव्हर करायचं, मगच हेलिकॉप्टरमध्ये बसायचं. हे तरी मी तसंच कसं सोडणार?"

"त्याला कळणार नाही का, की आतला माणूस वेगळा आहे?"

"कळेल," गिरीश म्हणाला. "पण कोणीतरी आलेलं तर असेल."

ती खाली बसली. महिनाभर वाळत घातलेलं रडणं तिथे, हमरस्त्याच्या कडेला, एकदाचं आलं. हा माणूस समुद्रात असायचा तेव्हा आपल्या आणि रताळ्याच्या दिवसांचं याला काही माहीत नाही, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. त्याबद्दल तिने मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

चौदाव्या दिवशी नाशकात ती दिवेलागणीनंतर भाजी घेऊन आली, तेव्हा गिरीश दाराशेजारच्या खुर्चीत फोन समोर धरून बसला होता. दुपारपासून तो तिथेच होता. पायपुसण्यावर बसायचं तेवढं बाकी होतं. ती तसं म्हणणार, तोच फोन वाजला. शहजादचा व्हॉइस मेसेज होता. गिरीशने घाईघाईने बटण दाबलं.

"साहब, सलाम. काम हो गया. सुबह निकला था, अभी आया हूँ, आपके कपड़े पहन के, बैग कंधे पर. मैं आया तब गेट पर ही बैठा था वो. मुझे देखा तो दौड़ा, सूँघा, बैग सूँघी, थोड़ी देर सोचा. फिर मेरा हाथ चाटा और साथ अंदर आ गया. आपका इंतज़ार खलास, साहब. अब वो मेरे ज़िम्मे."

गिरीशने डोळे मिटून खुर्चीला मान टेकली. "झालं गं," तो म्हणाला. "हँडओव्हर झालं."

पण मेसेज संपला नव्हता. शेळ्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. मग शहजादचा आवाज पुन्हा आला, जरा हलका.

"एक बात और है, साहब. बाजी को मत बताना. जहाँ आपकी गाड़ी खड़ी थी ना, पहले दिन से रोज़ शाम को उधर जाके बैठता है. मैं कोई थैली लेके निकलूँ, तो उठ के देखता है, फिर बैठ जाता है. खाना भी आधा खाता है. आज भी हाथ चाट के वापस उधर ही गया. थैली का आपके काग़ज़ में कुछ लिखा नहीं है. क्या करूँ, बताइए."

फोन बंद झाला. गिरीशने मान वळवून दारात उभ्या असलेल्या विभावरीकडे पाहिलं.

रताळ्याला सोडून ती कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे कधी गेलीच नव्हती. जाणारा गिरीश, राहणारी ती, असंच दोघांनी इतकी वर्षं धरलं होतं. त्यामुळे वाट बघितली जाईल ती त्याचीच, हेही दोघांनी धरून टाकलं होतं. तिच्या जागीही कोणी बदली लागेल, असं ना त्याच्या मनात आलं, ना तिच्या.

गिरीश उठला. टेबलाच्या खणातून वही काढून पुन्हा खुर्चीत येऊन बसला. फाडलेल्या पानांच्या पुढचं कोरं पान त्याने उघडलं, वर तारीख घातली, आणि पेन तिथेच थांबलं.

"विभा," त्याने वर न बघता विचारलं, "भाजीला गेलीस की किती वेळात परत यायचीस गं तू?"

पिशवी अजून तिच्या खांद्यालाच होती. मेथीची जुडी बाहेर डोकावत होती.

"अर्ध्या तासात," ती म्हणाली.