कोणाकडच्या तुम्ही?

कोपराच्या खळगीत दाबून धरलेल्या कापसाच्या बोळ्यावर लाल ठिपका उमटला, आणि चारुलता त्याच्याकडे, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तशी, पाहत राहिली... सुई त्या दिवशीही अशीच शिरली होती — बोदवडच्या दवाखान्यात, नर्सच्या ड्यूटीवर, अपघातातल्या रुग्णाची सलाईन काढताना, हातमोजा भेदून. रुग्ण एचआयव्हीबाधित निघाला. तिने प्रतिबंधक गोळ्या लगोलग सुरू केल्या, मळमळ सोसत, नवऱ्यापासून, हितेंद्रपासून, अंग चोरत संपवल्या. घरी मात्र पित्ताचं औषध म्हणून सांगितलं, कारण सासूबाईंना सुई दिसली नसती, रोगाचं नाव तेवढं ऐकू आलं असतं. म्हणूनच पुढच्या तपासण्यांना धुळे. बोदवडकडच्या केळीच्या पट्ट्यातली सोयरीक धुळ्यातल्या पांझरेच्या पुलापर्यंत पोचत नाही, असा तिचा भूगोल.

"आजची शेवटची. निगेटिव्ह आली की सुटलात," समुपदेशक ज्योती मॅडम म्हणाल्या. त्यांच्या मागे भिंतीवर गोपनीयतेची हमी चौकटीत टांगलेली. "इथलं इथंच राहतं, ताई. फेगडे म्हणजे... कोणाकडच्या तुम्ही?"

"कशाला?"

"अहो, सहज. माझी मावशी बोदवडलाच दिलीय. एवढं तर आम्ही एसटीत शेजारच्या बाईलाही विचारतो."

सहज — या प्रांतात पाणी विचारण्याआधी मूळ विचारतात, आणि त्यात दुष्टावा नसतो, हीच त्याची ताकद. दुष्टाव्यासाठी कायदा आहे, नियम आहेत, ही चौकट आहे. मावशीला कोणतं कलम लावणार?

दाराशी बसलेल्या आया कमलबाई हसल्या. "सांगी दे ना वं बहीन, त्यामा काय शे?"

कोणाकडची... इतके आठवडे मी कुणाची सून नव्हते, कुणाची लेक नव्हते. मी त्या सुईची होते. निगेटिव्ह येईलही — मग? सुटल्याचं सांगायचं तर कशात अडकले होते तेही सांगावं लागणार. म्हणजे चांगली बातमीसुद्धा लपवूनच ठेवायची, जन्मभर, गुन्ह्यासारखी — आणि गुन्हा कोणता, तर कामावर असण्याचा.

"सुपडू आबा फेगड्यांची सून," ती म्हणाली. "तुमच्या बोदवडच्या मावशींना विचारा, ओळखत असतील."

ज्योती मॅडमचं हसू ओठांवरच थांबलं. "नाही नाही, मी कशाला विचारू..."

"विचारा ना."

अहवाल अजून आतच होता. त्याच्याकडे लागलेले कान केव्हा सुटले, हे तिला कळलं नाही. घरी सुईबद्दल सांगायचं पहिलं वाक्य तेवढं तोंडात तयार होऊन बसलं होतं — थंड, धारदार — आणि ते गिळून टाकण्याची सवयीची इच्छा, आत कितीही शोधली तरी, सापडत नव्हती...