विमानातून उतरवलेली सायकल

मी एक जुनी घडीची सायकल आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. घडीची छत्री चालते, घडीची खाट चालते, पण सायकल घडीची म्हटली की लोकांना हसू फुटते. खुशाल हसा. तुमच्या नव्याकोऱ्या सायकली कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतात आणि त्यातच धन्य होतात. मी डोंगरांच्या वरून गेले आहे, ढगांतून गेले आहे, आणि आज एका खोलीत जमिनीला जखडून उभी आहे. हे कसे झाले ते सांगते.

माझा मालक वैमानिक होता. त्याचे छोटे विमान होते. पुढे दोन माणसे, मागे दोन आणि शेपटीकडे सामानाला एक अरुंद जागा. औषधे, टपाल, यंत्रांचे सुटे भाग आणि अधूनमधून एखादा प्रवासी घेऊन तो आडबाजूच्या गावांना जायचा. अशा गावांची धावपट्टी म्हणजे माळावर साफ केलेला एक मातीचा पट्टा. कडेला खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फडफडत असते आणि गाव कुठेतरी दूर, टेकडीच्या पलीकडे. विमान उतरले की वैमानिक पंखाच्या सावलीत बसून राहायचा. कुणाची गाडी आली तर गावात, नाही आली तर तंगडतोड.

त्याची बायको सायकली दुरुस्त करायची. वडिलांचे दुकान तिनेच चालवले होते आणि सगळे तिला सायकलवालीच म्हणत. तिच्या तोंडाला लगाम नव्हता, पण हातात जादू होती. नवरा उशिरा घरी आला की ती म्हणायची, "तासाभरात दोन डोंगर ओलांडतोस आणि टेकडीमागच्या गावात जायला अख्खी दुपार घालवतोस. कसला रे तू वैमानिक?"

त्यावर तो नुसता हसायचा. मग एके दिवशी तिने भंगारात निघालेल्या विमानाच्या खुर्च्यांच्या हलक्या नळ्या मिळवल्या, एका लहान मुलाच्या सायकलची चाके काढली आणि मला घडवायला घेतले. माझ्या पोटात बिजागरी बसवली आणि वर एक खटका. हा खटका तिने किती वेळा काढला आणि किती वेळा घातला याला हिशेब नाही. तो एकदा निसटला तेव्हा तिचा तळवा चिरला. तिने फडके गुंडाळले, मला चार शिव्या घातल्या आणि पुन्हा कानस हातात घेतली. शेवटी मी मिटले की पेटीएवढी व्हायचे आणि शेपटीकडच्या जागेत अगदी मापात बसायचे. माझ्या सीटखाली तिने पंक्चर काढायचे सामानही बांधून दिले.

मला विमानात ठेवताना तिने नवऱ्याला एकच अट घातली. मला घेतल्याशिवाय उडायचे नाही. "इंजिन काय, कुठेही रुसेल. भलत्याच ठिकाणी उतरावं लागलं तर दोन चाकं तरी असू देत तुझ्याजवळ."

ते माझे सोन्याचे दिवस होते. विमान थांबले की तो आधी चाकांना अडसर लावायचा, दोरांनी पंख बांधायचा आणि मग मला बाहेर काढायचा. खटका वाजला की मी उभी. एवढा उंचापुरा माणूस माझ्या एवढ्याशा चाकांवर बसायचा तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागायचे. गावातली मुले पाठीमागे धावत ओरडायची, "सर्कस आली!" तो घंटी वाजवून त्यांना आणखी चेव आणायचा. औषधांचा डबा कॅरिअरला बांधून आम्ही दवाखान्यात पोहोचायचो तेव्हा तिथल्या नर्सबाई आधी माझ्याकडे बघायच्या आणि मग त्याच्याकडे. एका शाळेने तर मला मधोमध उभे करून फोटो काढला. इतर वैमानिक माझी चेष्टा करता करता हळूच माझा खटका उघडून बघायचे. त्यांच्यातला एक लांब पायांचा होता. त्याला सगळे बगळा म्हणत. तो सायकलवालीला म्हणाला होता, "वहिनी, मलाही अशी एक करून द्या ना." ती म्हणाली होती, "तुझे पाय मावतील अशी सायकल विमानात मावायची नाही."

रोज सकाळी ती विमाने ठेवायच्या हँगरमध्ये फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची. "घेतलीस ना?" तो म्हणायचा, "घेतली." झाला यांचा संसार! मला मात्र त्या दोन शब्दांनी दिवसभर बरे वाटायचे.

मग खाणीचे काम आले. डोंगरापलीकडे एक मोठी खाण होती आणि तिला माणसे न्यायला-आणायला कायमचे विमान हवे होते. ते काम मिळावे म्हणून माझा मालक जीव टाकत होता. खाणीवर नवा साहेब रुजू व्हायचा होता आणि त्याला नेऊन पोहोचवायचे काम याच्याकडे आले. साहेब सकाळी हँगरमध्ये आला तो सोबत एक खुर्ची घेऊन. गोल फिरणारी, उंच पाठीची, चाके असलेली.

वैमानिक म्हणाला, "साहेब, खुर्ची पुढच्या फेरीत आणतो. आज मागच्या सीटवर खाणीचं सामान लादलंय, जागा नाही."

साहेब म्हणाला, "माझ्या कमरेला दुसरी खुर्ची चालत नाही. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा."

आवाज चढवला नाही त्याने. चढवायची गरजच नव्हती. वैमानिकाने एकदा खुर्चीकडे बघितले, एकदा विमानाच्या शेपटीकडे. मग त्याने मला खाली उतरवले. हँगरचा मिस्त्री तेव्हा बाहेर इंधन भरत होता. वैमानिकाने मला तेलाच्या पिंपांमागे नेऊन ठेवले आणि वरून ताडपत्री ओढली. मित्रांनो, नुसते ठेवायचे असते तर ताडपत्री कशाला ओढली असती?

तेवढ्यात फोन वाजला. पिंपांपासून फोन काही फार लांब नव्हता. मी त्याचे सगळे शब्द ऐकले. शब्द होताच कितीसा!

"घेतली," तो म्हणाला.

विमान गेले. माझ्या जागेवर बसून खुर्ची गेली. दुपारच्या आधी रेडिओवर त्याचा निरोप आला. इंजिनातल्या तेलाचा दाब पडला होता आणि तो खाणीच्या अलीकडच्या माळावर विमान उतरवत होता. थोड्या वेळाने तुटक आवाजात पुन्हा एकदा आला. "उतरलो. ठीक आहोत." त्यानंतर रेडिओ मुका झाला.

सायकलवाली दुकान तसेच टाकून हँगरमध्ये आली. बगळा आपले विमान बाहेर काढतच होता. तिकडच्या बाजूने धुळीचा वारा उठल्याची बातमी आली होती, पण तो म्हणाला, "वारा पोहोचायच्या आत मी एक चक्कर मारून येतो, वहिनी. कुठे उतरलाय ते नीट बघून ठेवतो."

"काही नको," ती म्हणाली. "धुळीत तू अडकलास तर दोघांना शोधत बसावं लागेल. ठीक आहोत म्हणालाय ना? माळावरून खाणीच्या चौकीपर्यंत सरळ कच्चा रस्ता आहे. सायकल आहे त्याच्याकडे. संध्याकाळच्या आत चौकीवर असेल बघ."

बगळ्याला ते पटले. का पटू नये? माझा गुण त्याने डोळ्यांनी पाहिला होता. त्याने विमान पुन्हा आत घेतले.

आणि ती कुठे येऊन बसली म्हणता? माझ्या पुढच्या पिंपावर. तिचा पदर ताडपत्रीवर पडला होता. मिस्त्रीने आणून दिलेला चहा घेत ती माझे गुणगान गात होती. मी वजनाला किती हलकी, वाळूतही माझी चाके कशी रुतत नाहीत, पंक्चर झाले तरी सामान कसे सीटखालीच आहे. मधूनच घड्याळ बघून म्हणायची, "आता चढ संपला असेल. आता उतारच उतार." उभ्या आयुष्यात माझी एवढी स्तुती कुणी केली नव्हती आणि त्या प्रत्येक शब्दाने माझे आरे तापत होते. मला घंटी होती, पण घंटीला अंगठा लागतो. तिच्या पदराला हात लावायला मला हात नव्हता. वस्तूचा जन्म किती लाचार असतो ते मी त्या दुपारी पिंपामागे शिकले.

धूळ आली आणि तिने सगळे झाकून टाकले. चौकीवरून काही निरोप आला नाही. "वाऱ्यामुळे कुठे तरी आडोशाला थांबला असेल," ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सकाळी वारा पडला. चौकीवर अजूनही कुणी आले नव्हते. बगळ्याच्या विमानात तेल घालायचे म्हणून मिस्त्री पिंपांपाशी आला आणि त्याने ताडपत्री ओढली.

"वहिनी," तो म्हणाला, "जरा इकडे येता का?"

ती आली. खाली बसली आणि तिने अंगठ्याने माझा टायर दाबून पाहिला. दुकानात आलेली प्रत्येक सायकल ती अशीच दाबून बघायची, त्या सवयीने. हवा भरलेली होती. मग ती उठली आणि बगळ्याला म्हणाली, "चौकीच्या बाजूला शोधू नकोस. विमानापासून बघत जा. तो पायी आहे. फार पुढे गेला नसेल."

बगळ्याला आधी साहेब दिसला. विमानाच्या पंखाखाली, आपल्या खुर्चीत, मांडीवर पाण्याचा डबा घेऊन. विमान उतरताना पुढचे चाक खड्ड्यात गेले होते. साहेबाला ओरखडाही नव्हता. वैमानिकाचा मात्र घोटा मोडला होता. "ठीक आहोत" हे त्याने उभे राहून बघण्याआधीच सांगून टाकले होते. त्याने पाणी साहेबाजवळ ठेवले, पायाला पट्टा आवळला आणि चालायला लागला. बगळ्याला तो कच्च्या रस्त्यावर सापडला तेव्हा तो चालत नव्हता, कोपरांवर सरकत होता.

जीव वाचला. पाय मात्र गेला, म्हणजे तो जागेवर आहे, पण घोटा लाकडासारखा ताठ झाला. तुम्हाला ठाऊक नसेल, विमानालाही पॅडल असतात. ती पायांनी दाबून शेपटी वळवावी लागते. वैमानिकाला दरवर्षी डॉक्टरांपुढे उभे राहावे लागते आणि पाय तेवढा जोर देत नसेल तर उडायची परवानगी मिळत नाही.

खाणीचे काम पुढे बगळ्याला मिळाले. साहेब भला माणूस, त्याने सगळीकडे माझ्या मालकाच्या धीराचे कौतुक केले. खुर्चीही बगळ्यानेच पुढच्या फेरीत खाणीवर पोहोचवली.

मी घरी आले. सायकलवालीने माझे मागचे चाक जमिनीवरून उचलून लोखंडी चौकटीत बसवले आणि चौकट फरशीला ठोकली. डॉक्टरांनी पायाला व्यायाम सांगितला होता. तो रोज सकाळी माझ्यावर बसायचा आणि पॅडल मारायचा. चाक फिरायचे, समोर तीच भिंत. वाळूत न रुतणारी सायकल म्हणून जिचे नाव होते, ती आता वीतभरही सरकत नव्हती. डॉक्टरांपुढच्या परीक्षेचा दिवस आला. तो गेला आणि परत आला. कुणी काही विचारले नाही, कारण तो कपडे न बदलताच येऊन माझ्यावर बसला आणि पॅडल मारू लागला.

त्या दिवशी ती माझ्या चेनला तेल घालायला बसली होती. इतके महिने जे तोंडात धरून ठेवले होते, ते तिने विचारले. "घोटा मोडला होता तुझा. विमानापाशीच का नाही बसून राहिलास? बगळा आलाच असता शोधत."

"नसता आला," तो म्हणाला.

"का नसता?"

"तू त्याला येऊ दिलं नसतंस. तुला वाटणार, सायकल आहे माझ्याकडे." त्याचे पाय थांबले. "मीच तसं सांगितलं होतं ना तुला. म्हणून चालत निघालो."

ती चेन पुसत होती, ती पुसतच राहिली. तेल कधीच निघून गेले होते. मग तिने फडके माझ्या हँडलवर टाकले आणि दुकानात गेली. त्यानंतर त्या दोघांत भांडण झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते. आता ते जेवायला वाढतात, दार लावतात, दिवा घालवतात, आणि एकमेकांना काही विचारत नाहीत.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूने हात जोडून विनवायचे असते. आम्हाला तेलपाणी करा, उन्हात टाकू नका, गंज चढू देऊ नका. मी तसे काही मागणार नाही. मला रोज तेल मिळते. माझ्यावर धूळ बसू दिली जात नाही. या घरात माझ्याइतकी काळजी कुणाचीच घेतली जात नाही. तुम्ही आपल्या सायकली खुशाल पावसात भिजू द्या, त्यांची चाके वाकडी करा, विसरून जा कुठे तरी. पण एखादी वस्तू मागे टाकून निघालात, तर ती बरोबर आहे असे घरच्या माणसाला सांगू नका. ते माणूस तुमच्यावर विश्वास ठेवते, आणि मग तुमच्या मदतीला निघालेल्यांना स्वतःच्या हाताने परत पाठवते.