नऊ नंबरचे नळ

सरकारने तोफा आपल्याकडे ठेवल्या आणि नळ दुसऱ्याच्या हाती दिले. फेलुवेच्या रानाजवळच्या त्या डच लष्करी तळावरचं पाणी, हीटिंग, वीज असं सगळं एक जानेवारीपासून एका खाजगी कंपनीचं झालं, आणि पाइपांबरोबर ते सांभाळणारी माणसंही कंपनीकडे गेली. त्यांतला एक आउके, बासष्ट वर्षांचा प्लंबर. हे पाइप तपासून, मोजून ताब्यात घेण्याचं काम कंपनीची इंजिनिअर मंजूषा हिने केलं होतं. निदान कागदावर तरी.

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी नऊ वाजता ती नऊ नंबरच्या इमारतीत आयुष्यात पहिल्यांदा शिरली. पुढच्या आठवड्यात इथे नवे रंगरूट राहायला येणार होते, म्हणून कमांडरच्या ऑफिसने तिला पाहायला बोलावलं होतं. तिच्या यादीप्रमाणे हे पाणी तोडलेलं गोदाम होतं. समोर मात्र ओळीने बारा शॉवर होते आणि फरशीवर तांबूस पाणी वाळल्याचे डाग होते.

भिंतीवर चिकटपट्टीने एक कागद लावला होता. अक्षर आउकेचं, टपोरं आणि सरळ. अकरा दिवसांपूर्वीच्या गुरुवारची तारीख, आणि खाली एकच ओळ : ‘बाराही सोडले, दहा-दहा मिनिटं. तीन महिने बंद होते.’

"आउके कुठेय?" तिने सोबतच्या कॉर्पोरलला विचारलं. मंजूषा परदेशी नागरिक, त्यामुळे तळावर कुणीतरी सोबत असल्याशिवाय तिला पाऊल टाकायची परवानगी नव्हती. एरवी ती सोबत आउकेच करायचा.

"हॉस्पिटलात. शनिवारी नेलं. फ्लू म्हणतात, सगळीकडे साथच आहे."

मंजूषाने भिंतीवरची तारीख पुन्हा वाचली. पाइपात पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहिलं की त्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो. प्यायल्याने सहसा काही होत नाही. पण शॉवरच्या तुषारांतून तो छातीत गेला की आठ-दहा दिवसांत न्यूमोनिया होतो, आणि उतारवयात तो जिवावर बेततो. नेहमीच्या औषधांपैकी बरीचशी त्याला लागू पडत नाहीत. म्हणून तर आउके गेली तीस वर्षं दर गुरुवारी तळावरचा न वापरलेला प्रत्येक नळ सोडत फिरायचा. हे कुठल्या नकाशावर नव्हतं. ते त्याच्या डोक्यात होतं, आणि डोकं काही कुणी ताब्यात घेतलं नव्हतं. जानेवारीपासून कंपनी फोनवर जी यादी पाठवेल तेवढंच काम त्याने करायचं होतं.

डिसेंबरातली ती शुक्रवारची संध्याकाळ मंजूषाला लख्ख आठवली. चार वाजून गेले होते, पाऊस लागला होता, फक्त नऊ नंबर पाहायचा राहिला होता. आउकेने घड्याळाकडे पाहिलं होतं. एवढंच. पण मंजूषाची भीड आडवी आली. म्हाताऱ्या माणसाला आपल्यापायी कशाला ताटकळत ठेवायचं? "राहू दे, नकाशात आहे ना," असं म्हणून तिने ‘प्रत्यक्ष पाहिले’च्या चौकटीत टिक मारली होती. घड्याळाकडे पाहणारा डच माणूस निव्वळ किती वाजले ते पाहत असतो, हे सहा वर्षं इथे काढूनही तिच्या अंगवळणी पडलं नव्हतं. फेब्रुवारीत तो म्हणालाही होता, "नऊ नंबर माझ्या फोनवरच्या यादीत येत नाही." तिने उत्तर दिलं होतं, "नकाशात पाणी तोडलेलं दाखवलंय." तो नुसता ‘हं’ म्हणाला होता.

आणि मग गेला होता, एकटाच. यादीत इमारत नाही म्हणजे कामाचा नंबर नाही, आणि नंबर नाही म्हणजे कंपनीच्या स्टोअरमधून मास्कही नाही. हा नियम मंजूषाच्याच सहीने निघाला होता.

तिने कॉर्पोरलकरवी दाराला कुलूप घातलं, ‘नळ सोडू नयेत’ असा कागद लावला आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून नवऱ्याला फोन केला. अभिरामचं वाखनिंगनच्या विद्यापीठातलं काम ऑगस्टमध्ये संपलं होतं. आता घर, सात वर्षांच्या जुईची शाळा आणि तिघांचं या देशात राहणं, सगळं मंजूषाच्या नोकरीच्या परमिटवर टेकलं होतं.

"मंजू, आधी शांत हो," तो म्हणाला. "तू खोटी सही केलीस हे कळलं तर ते तुला काढतील, आणि मग नवी नोकरी शोधायला आपल्याला तीन महिने मिळतात. तीन! डॉक्टरांना कळतं गं, ते टेस्ट करतीलच. उगाच पायावर धोंडा मारून घेऊ नकोस."

"आणि नाही केली तर?"

"करतील म्हणतोय ना. एक दिवस थांब."

तिला हेच ऐकायचं होतं, आणि याचीच तिला सर्वांत जास्त लाज वाटली. पण ती थांबली. अकराच्या मीटिंगमध्ये जाऊन बसली. कुणीतरी तिच्या कामाचं कौतुक केलं, तेव्हा तिने मान खाली घातली. दुपारचा डबा तिने उघडलाच नाही. दोन वाजता तिने नाव न सांगता हॉस्पिटलला फोन लावला. "तुम्ही घरच्या का? नाव सांगा," पलीकडची बाई म्हणाली, आणि मंजूषाने फोन ठेवून दिला.

तीन वाजता मात्र तिला राहवेना. तिने आउकेच्या बायकोला, टिनेकेला फोन केला.

"तपासणी झाली का? लिजिओनेलाची?"

"डॉक्टरने विचारलं होतं त्याला, पाण्याच्या जुन्या पाइपांचं काही काम केलंस का म्हणून," टिनेके थकलेल्या आवाजात म्हणाली. "तो नाही म्हणाला. आता फक्त बाहेरच्या लोकांसोबत तळावर फिरतो, म्हणाला."

"पण त्याने केलंय."

"माहितेय मला. भारतीय पोरीची एक इमारत राहून गेलीय, म्हणाला होता. ‘रंगरूट यायच्या आत मी नळ सोडून येतो, पण कुणाला सांगू नकोस, तिच्या घरचं सगळं त्या नोकरीवर चालतं.’ मी कबूल केलं होतं त्याला. पण त्याचा याच्याशी काय संबंध?"

मंजूषाने तो सांगितला. साचलेलं पाणी, तो जंतू, आपण मारलेली टिक.

"ये," टिनेके म्हणाली. "आत्ता ये, आणि डॉक्टरला हे तूच सांग."

वीस मिनिटांच्या रस्त्यात मंजूषा एकच गोष्ट मागत होती : त्याने जगावं. आणि त्या मागण्यातही, तो जगला तर मला थोडं कमी भोगावं लागेल, हा हिशेब मिसळलेला होता. तिला स्वतःची भीती वाटली.

तरुण डॉक्टर कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्याच ऐकत होती. मंजूषाने नऊ नंबर सांगितला, बारा शॉवर सांगितले, तारीख सांगितली. मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, आपली सहीही सांगितली. डॉक्टरने नर्सला हाक मारून लघवीची तपासणी आणि दुसरं औषध लगेच सुरू करायला सांगितलं. नर्स धावत गेली.

"हे तुम्हाला कधी कळलं?" डॉक्टरने विचारलं.

समोरच्या घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती.

"आज सकाळी. नऊ वाजता."

डॉक्टरने ते लिहून घेतलं. टिनेके मागेच उभी होती. तिने ऐकलं होतं.

"बारा वाजता त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं," ती म्हणाली. "अकरापर्यंत तो माझ्याशी बोलत होता."