साहेबांना घाई नसते

साहेबांचं एक वागणं थोरलीला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही. वसुलीवाला कसा असावा, तर त्यानं दारातून हाक मारली की शेजारच्या तीन घरांच्या खिडक्या उघडाव्यात. तसले थोरलीनं ढिगानं पाहिले होते आणि तसल्यांना पाणी पाजायला तिला यायचं. एक शिवी त्याची, दोन आपल्या, आणि मामला मिटला. हा मात्र बूट बाहेर काढून यायचा, सतरंजीवर मांडी घालून बसायचा, चहा प्यायला की "छान झालाय, मावशी" म्हणायचा आणि कपबशी स्वतः उचलून मोरीपाशी नेऊन ठेवायचा. असल्या माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं?

"बाहेर एवढा गोड असतो ना, तो घरात बायकोला छळत असतो. लिहून ठेव," ती बेकरीवालीला म्हणायची.

"तुम्हीच लिहा. तुम्ही प्रमुख आहात," बेकरीवाली म्हणायची.

थोरली प्रमुख होती, हे खरं. दहा बायकांचा गट, दर बुधवारी सकाळी अकराला तिच्या पुढच्या खोलीत बसायचा. फायनान्स कंपनीचं कर्ज प्रत्येकीचं वेगळं, पण प्रत्येकीच्या कागदावर बाकीच्या नऊजणींची सही. एकीनं हप्ता बुडवला की तो नऊजणींच्या अंगावर. आणि दुसरा नियम असा, की सगळी रक्कम जमा झाल्याशिवाय सतरंजीवरून कुणी उठायचं नाही. थोरली चौथीपर्यंत शिकलेली, तीही मास्तरांच्या मेहेरबानीनं. पण दीड वर्षात तिच्या गटाचा एक हप्ता चुकला नव्हता. बाकीच्या बायका मुलाच्या नोकरीचं सांगतात तसं ती हे सांगायची, न विचारता.

त्या गटात तिची सख्खी जाऊ होती, धाकटी. धाकटीचा नवरा परगावी कामाला गेला आणि तिकडचाच झाला. तिनं कर्ज काढलं ते वाफेच्या मोठ्या इस्त्रीसाठी. स्टेशनजवळचा लॉज तिला चादरी आणि उशांचे अभ्रे द्यायचा. घर त्याच्यावर चालायचं, हप्ताही निघायचा. मग लॉजवाल्यानं स्वतःचं यंत्र घेतलं आणि धाकटीकडे राहिले ते गल्लीतले शर्ट-पँट. एक हप्ता चुकला, तो सगळ्यांनी थोडे थोडे घालून भरला. दुसरा चुकला, तो थोरलीनं स्वतःच्या डब्यातून भरला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून टाकला. आज तिसरा बुधवार होता, आणि आज धाकटी आलीच नव्हती.

साहेबांनी नऊजणींचे पैसे मोजले, वही मिटली आणि पेन खिशाला लावलं.

"एक राहिलाय, मावशी."

"ते दिसतंय मला. तिला निरोप धाडलाय. फोन उचलत नाही."

"असू द्या. मला घाई नाही. बसू या."

आणि बसले. साडेबारा वाजले. बेकरीवालीची दुपारची पाळी एकला सुरू व्हायची, आणि उशीर झाला तर अर्धा दिवस कापला जायचा. दोन महिन्यांच्या बाळंतिणीचं मूल घरी सासूपाशी होतं आणि तिचं दूध वेळ झाली म्हणून अंगावर उतरलं होतं. ती ओल्या छातीवर पदर दाबून भिंतीकडे तोंड करून बसली. साहेबांनी नजर दुसरीकडे वळवली. तेवढी रीत त्यांच्याकडे होती.

"साहेब, हिला तरी सोडा. मूल रडत असेल," थोरली म्हणाली.

"मी कुठं धरून ठेवलंय? दार उघडं आहे." साहेब हसले. "फक्त गट अपूर्ण लिहावा लागेल. मग पुढचं कर्ज कुणालाच नाही. ह्या ताईंनी बाळाच्या औषधासाठी अर्ज केलाय ना?"

बाळंतीण उठत होती, ती पुन्हा बसली.

मग बायकांची तोंडं सुटली. साहेबांवर नाही. साहेबांनी काय केलं होतं? धाकटीवर.

"घरात असणार ती. आम्ही इथं तुरुंगात आणि राणीसाहेब पंख्याखाली."

"मागच्या महिन्यात नवीन पडदे लावलेत खिडकीला. मी बघितले."

"तुमची जाऊ आहे, तुम्ही घाला पाठीशी," बेकरीवाली थोरलीला म्हणाली. "दुसरी कुणी असती तर एव्हाना तिची झिंज्या धरून आणली असतीत."

हे थोरलीला झोंबलं. तिच्या नाकावर माशी बसत नव्हती आणि ही तर हत्ती बसवायला निघाली होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"चला. कोण कुणाला पाठीशी घालतं ते बघा."

साहेबांनी बूटही घातले नाहीत. "मी इथंच बसतो," ते म्हणाले. "तुमचा आपसातला मामला आहे."

धाकटीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. बायका दारातच हबकल्या. थोरली मात्र हसली. कुणाकडून तरी बाहेरून कुलूप लावून घ्यायचं, किल्ली मोरीच्या खिडकीच्या फटीत ठेवायला सांगायची आणि आपण आत श्वास धरून बसायचं, ही युक्ती धाकटीला तिनंच शिकवली होती. तेव्हा दोघी नव्या सुना होत्या, सासऱ्यांची उधारी तुंबली होती आणि किराणावाला दारात बसून राहायचा. दोघी कोठीत एकमेकींच्या तोंडावर हात दाबून हसू आवरायच्या.

थोरलीनं फटीत बोटं घातली, किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

धाकटी टेबलापाशी उभी होती. बाजूला कुणाचे तरी शर्ट घडी करून ठेवलेले. तिनं आधी किल्लीकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"तुम्ही होय, ताई," ती म्हणाली. "म्हटलं, बाहेरच्या माणसाला कशी सापडली."

"लाज नाही वाटत? नऊ बायका दोन तास ताटकळल्यात तुझ्यापायी. ती पोर बघ, दुधानं भिजलीय."

"रविवारी देते. तीन घरांचे पैसे यायचेत."

"रविवारी कोण बसणार आहे सतरंजीवर? तू?"

बायका तोवर आत शिरल्या होत्या. एकीनं मिक्सर उचलला, एकीनं कुकर. कुकरमध्ये भात होता, तो तिनं ताटात उलटा केला आणि कुकर तसाच गरम काखेत मारला. कुणी म्हणालं फ्रिज न्या, कुणी म्हणालं जुना आहे, काय येणार त्याचं. मग बेकरीवालीनं टेबलाकडे बोट केलं.

"ती इस्त्री. तिच्यात आजचा हप्ताही निघेल आणि आपले मागचेही."

मागचे पैसे परत मिळतील हे तोवर कुणी बोललं नव्हतं. आता बोललं गेल्यावर ते प्रत्येकीच्या डोळ्यांत आलं. थोरलीच्याही. डब्यातून गेलेली रक्कम तिला आकड्यासकट पाठ होती.

"ताई, एवढी ठेवा," धाकटी म्हणाली. ती रडली नाही, तेच थोरलीला जास्त लागलं. "फ्रिज न्या, मिक्सर न्या, अंगावरचं न्या. ही गेली तर मी कशानं भरू?"

"आधी भरत होतीस जशी," थोरली म्हणाली.

"आधी हिच्यावरच भरत होते."

"मग ती असूनही आज का नाही भरलंस?"

ह्याला उत्तर नव्हतं. जिथं उत्तर नसतं तिथं आपण जिंकलो, असं थोरली आयुष्यभर मानत आली होती. तिनं पुढे होऊन वायर काढली, हाताला गुंडाळली आणि इस्त्री उचलली. ती अजून तापलेली होती. थोरलीच्या मनगटाला चटका बसला, पण नऊजणींसमोर ती हूं की चूं करणार नव्हती.

मिक्सर-कुकर होते तिथं परत ठेवले गेले. जाताना बाळंतिणीनं घडीचे शर्ट नीट टेबलावर सरकवून ठेवले. बाकी कुणी मागं पाहिलं नाही.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्यानं इस्त्री फिरवून पाहिली, तळ पाहिला आणि निम्मी किंमत सांगितली. थोरलीनं त्याच्या सात पिढ्या काढल्या तेव्हा तो थोडा वर सरकला. "मावशी, माझ्याकडे आहेत तीन," तो म्हणाला. "तुम्ही विकायला आलात म्हणून घेतोय. नाहीतर ती बाई कामाची होती, मी तिला माझ्याकडचे कपडे द्यायचा विचार करत होतो." थोरलीनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून पैसे मोजून घेतले.

रस्त्यातच वाटणी झाली. प्रत्येकीचे मागचे तिला मिळाले. थोरलीनं स्वतःचे कमरेला खोचले. राहिला तो बरोबर एक हप्ता.

साहेब होते तिथंच बसले होते. त्यांनी हप्ता घेतला, वहीत लिहिला, थोरलीची सही घेतली.

"गट पूर्ण. मावशी, तुमच्यासारख्या प्रमुख सगळीकडे असत्या तर माझ्या पायाची झीज थांबली असती."

बेकरीवाली चपला घालून पळाली. बाळंतीण तिच्याही आधी. बाकीच्या उठत होत्या, तेवढ्यात थोरलीनं विचारलं, "साहेब, धाकटीचे अजून किती हप्ते राहिले?"

"चव्वेचाळीस."

"आणि पुढच्या बुधवारचा ती कशातून देणार?"

साहेबांनी वहीचं मागचं पान उघडलं. तिथं बारीक अक्षरात यादी होती. "फ्रिज आहे. जुना आहे पण चालू आहे. मिक्सर, लोखंडी कॉट. दोन-तीन हप्ते निघतील. नंतर तुम्ही नऊजणी आहातच, सह्या आहेत तुमच्या."

उठलेल्या बायका उभ्याच राहिल्या.

"तिच्या घरात काय काय आहे ते तुम्हाला कसं ठाऊक?" थोरलीनं विचारलं.

"कर्ज देण्याआधी घर बघावंच लागतं, मावशी. सगळ्यांची बघितलीयत." त्यांनी सहज म्हणून पान उलटलं. थोरलीला वाचायला वेळ लागायचा, पण स्वतःचं नाव तिला दुरून ओळखता यायचं, आणि नावाखाली चार ओळी होत्या. पहिला शब्द तिनं जुळवला. शिलाई मशीन.

"इस्त्री विकली की ती बाई संपली, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"अंदाज होता."

"आणि एका शब्दानं बोलला नाहीत. फ्रिज विका, इस्त्री ठेवा, एवढं म्हणायला काय जात होतं?"

"मी काहीच विका म्हटलं नाही, मावशी. मी इथंच बसून होतो. विचारा ह्यांना." साहेबांच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता. "वरचे पैसे तुम्ही वाटून घेतलेत, ते तुमच्या कमरेलाच दिसतंय. त्यात तिचे अजून दोन हप्ते भरले असते. त्यावर तरी मी काही बोललो का?"

सगळं खरं होतं. थोरलीनं आयुष्यात पुष्कळ भांडणं जिंकली होती. त्यातली निम्मी खोटं बोलून, पण समोरचा खरं बोलतोय म्हणून हरण्याची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. कमरेला खोचलेली नोटांची गुंडाळी तिला टोचत होती. ती काढून समोर टाकावी, असं एकदा मनात आलं. तिनं टाकली नाही. चव्वेचाळीस बुधवार होते आणि यादीत तिचं नाव होतं.

साहेब बूट घालायला वाकले, तेव्हा ती दारात जाऊन उभी राहिली. सहा बायका ऐकत होत्या. आजवर ती साहेबांना अहोजाहो करत आली होती.

"ऐक," ती म्हणाली. "आज जे झालं ते मी केलंय. तिचं कुलूप मी उघडलं, तापलेली इस्त्री मी उचलली, माझे पैसे मी काढून घेतले, आणि ते मी परत करणार नाही. मी वाईट बाई आहे. सासूनं पहिल्या आठवड्यात ओळखलं होतं, तू आज ओळखलंस म्हणून फुशारू नकोस. पण माझा वाईटपणा माझ्या घरचा आहे, त्याचा मी कधी पगार घेतला नाही. तू महिन्याच्या महिन्याला घेतोस. आम्ही एकमेकींना फाडायचं आणि तू चहा प्यायचा, ही तुझी नोकरी. पुढच्या बुधवारी येशील, चहा मिळेल, कारण माझी सही आहे. पण माझ्याहून हलका माणूस ह्या घरात आजवर बसला नव्हता, आणि तू दीड वर्षं बसतोयस."